आधी त्रुटी, मग चहा

मॅडमनी माझं पत्रक पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांच्या एका हातात चाळणी होती आणि चाळणीत केशरी रंग. चाळणी खाली न ठेवता त्यांनी दुसऱ्या हाताने कागद डोळ्यांसमोर धरला. मी कोपरखैरण्यातल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये पत्रकं वाटत शिरले होते. नाल्याकडेच्या रस्त्यावर दिवे नव्हते, कामावरून परतणाऱ्या बायकांना अंधारातून यावं लागे, त्याबद्दल ते पत्रक होतं. निदान मला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात त्यात दिवे होते, पाणी होतं, कचरा होता, बस होती, आणि शेवटी एकूण व्यवस्थेचा जाहीर निषेध होता.

"मागण्या नऊ आहेत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे वाचणाऱ्या साहेबाला तूच आठ पळवाटा दिल्यास. तुला दिवा हवाय ना? मग दिवा माग. फेरसादर कर."

आणि कागद मला परत दिला. त्यावर केशरी अंगठा उमटला होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रक यायचं. जोडाक्षरं मी 'संघर्ष', 'व्यवस्थापन' आणि 'निर्णायक' या शब्दांवर गिरवली. त्यामुळे लेखन म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं, तेही रांगोळी चाळता चाळता, हे मला अजिबात रुचलं नाही. घरी जाऊन मी पत्रकातल्या आठ मागण्या रागारागाने खोडल्या. उरलेली एक वाचली. ती एकटीच फार मोठ्याने बोलत होती.

पुढे त्या रस्त्यावर दिवा आला. मी धावत सांगायला गेले, तर मॅडमनी विचारलं, "खांब गुलमोहराखाली हाय ना? मग उजेड खाली परतो का झाडातच राहतो, ते बघून ये."

बघायला गेले. झाडातच राहत होता.

मॅडम बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. माहेर खाडीकाठच्या जुन्या गावातलं, आगरी. नोकरीच्या काळात त्यांनी प्रमाण भाषा इस्त्री केलेल्या साडीसारखी वापरली, पण रंगात आल्या की 'आहे'चं 'हाय' आणि 'पडतो'चं 'परतो' व्हायचंच. कार्यालयाने त्यांना निरोप दिला तरी त्यांनी कार्यालयाला काही निरोप दिला नव्हता. भाजी करपली तर ती 'प्रकरण हाताबाहेर' गेलेली असे. जावई वेळेवर आला नाही तर 'स्मरणपत्र' जाई. आणि रांगोळीत त्यांना कधीही चूक दिसली नाही, दिसली ती त्रुटी.

दर महिन्यात एका रविवारी त्या हॉलमध्ये आमचा गट जमायचा. पत्रकाच्या त्या प्रसंगानंतर मीही जाऊ लागले, आधी भांडायला आणि मग रांगोळीसाठी. आमची रांगोळी माणसांच्या चेहऱ्यांची. फोटो समोर ठेवायचा, फरशीवर खडूने चौकटी आखायच्या, आणि चिमटीतून रंग सोडत गाल, पापणी, ओठांची कड भरत जायची. पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा बंद. घाम फरशीवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायचा, शिंक आली तर आधी दाराबाहेर पळायचं. एकदा सावंतकाका, बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले सर्वांत सभ्य गृहस्थ, शिंक अडवायला गेले आणि ती ऐन दारात सुटली. एका आजीबाईंची अर्धी भुवई उडाली. मॅडम म्हणाल्या, "नैसर्गिक आपत्ती. मुदतवाढ मंजूर."

सगळ्यांचं काम झालं की पाहणी. ही मॅडमनी घालून दिलेली पद्धत. फरशीवर प्रत्येक चित्राच्या पायथ्याशी एक पांढरी चिकटपट्टी लावलेली असे. सगळ्यांनी त्या पट्टीमागे उभं राहायचं. ज्याची रांगोळी त्याने हातात झाडू घेऊन बाजूला उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. प्रत्येकाने एक त्रुटी सांगायची, एकच, आणि बोट दाखवून. सगळ्यांचं सांगून झालं की ज्याने काढली त्यानेच झाडायची. मग पुढच्या चित्राकडे. सगळी फरशी स्वच्छ झाल्याशिवाय थर्मास उघडत नसे. आधी त्रुटी, मग चहा.

कौतुकाला बंदी होती असं बाहेर बोललं जाई, ते खरं नाही. कौतुकालाही बोट लागे. एका सदस्याचे यजमान तिला न्यायला आले होते, दारातूनच म्हणाले, "वा, छान काढलंय हं."

"काय छान आहे?" मॅडमनी विचारलं.

"सगळंच."

"बोट ठेवा."

बिचाऱ्यांनी बराच वेळ बोट हवेत फिरवलं आणि खिशात घातलं. "मग तुम्हाला अजून काही दिसलेलं नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बसा, दिसेल." आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाळ्यांचे हात पाठवले की खाली मॅडमचा एकच शब्द येई, "कशासाठी?" शेवटी त्यांनीच तो ग्रुप सोडला. सोडताना कारण लिहिलं: 'शेरे अस्पष्ट.'

वाशीला असाच एक दुसरा गट होता. तिथे सगळं सुंदरच असायचं. आमच्यातले काही तिकडे गेले, सुखी झाले, आणि वर्षानंतरही त्यांच्या रांगोळीतल्या माणसांचे डोळे एकमेकांकडे बघत होते. मला त्यांची कीव येई, अजूनही येते. तोंडावर गोड बोलणारा माणूस आपल्याला त्याच जागी ठेवून पुढे निघून जातो. हे मी मॅडमकडून शिकले असं नाही, घरून घेऊन आले होते. पण घरी टीका म्हणजे समोरच्याला आडवं करणं होतं. मॅडमकडे तिला कुंपण होतं. एकदा कुणीतरी एका मुलीला म्हणालं की तुझ्यात पेशन्सच नाही. मॅडमनी त्याला सरळ व्हरांड्यात पाठवलं. "त्रुटी रांगोळीची सांगायची. माणसाची फाईल आपल्याकडे आलेली नाही."

त्यांची स्वतःचीही पाहणी व्हायची. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे, म्हणून हॉलमधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर त्या उभ्याने रांगोळी काढायच्या. आम्ही त्रुटी सांगायचो, त्या ब्रश हातात धरून, ओठ मिटून ऐकायच्या आणि पुसून टाकायच्या. त्यांच्या घरचे सांगत की घरी त्या जेवणाच्या टेबलावर सराव करतात, आणि ती रांगोळी पुसेपर्यंत सगळे ताट मांडीवर घेऊन जेवतात.

माझं त्यांच्याशी एका गोष्टीवरून कायम वाजायचं. काढणाऱ्याने गप्प का राहायचं? मी म्हणायचे, कोर्टात आरोपीलाही बोलू देतात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. रांगोळी दारात असते. येणाऱ्याजाणाऱ्याला तू दारात बसून समजावत राहणार का? तुझं पत्रक कुणी बसमध्ये वाचलं तर तू शेजारी असणार का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ज्याला उत्तर नाही त्या गोष्टीवर मी जास्त जोरात भांडते.

मग जयेशचा रविवार आला.

जयेश पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. जवळच्याच गावठाणात राहायचा. कमी बोलणारा, हात अतिशय स्थिर, मॅडमना भयंकर घाबरणारा. त्या रविवारी त्याने वडिलांचा चेहरा घेतला होता. वडील तो लहान असतानाच गेले. त्याच्या आईने सगळं तारुण्य मिठागरात टोपल्या वाहिल्या, आणि आता ती कमरेतून इतकी वाकली होती की मान वर होत नसे. ती चालायची तेव्हा तिला फक्त जमीन दिसायची. नवऱ्याचा हार घातलेला फोटो घरात भिंतीवर होता, पण तो तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. खाली काढून द्यायला गेलं तर न बघताच म्हणायची, भिंतीवरून देव आन मानूस उतरवू नये, परत लाव. म्हणून जयेशने तो चेहरा जमिनीवर काढायचं ठरवलं, जिथे तिला तो दिसेल. तिला चहाच्या वेळेला बोलावलं होतं. आपली पाहणी शेवटी असते, तोवर आई येईल, असा त्याचा हिशेब.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की आज दोघंजण आलेले नाहीत, त्यामुळे जयेशची पाळी लवकर आली आहे.

आम्ही पट्टीमागे उभे राहिलो. सावंतकाका म्हणाले, कपाळ फार लांब झालंय. मी म्हणाले, नाक ओढल्यासारखं वाटतं. कुणी हनुवटीवर बोट ठेवलं, कुणी दोन डोळे आणि ओठ यांच्यातल्या अंतरावर. रंग सुंदर मिसळले होते, पण चेहरा ताणलेल्या रबरासारखा उभा वाढला होता, हे कुणालाही दिसत होतं. जयेश झाडू घेऊन उभा होता. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मॅडमनी शेवटची त्रुटी सांगितली, "उभं माप आडव्याशी जुळत नाही. मुळातच त्रुटी. फेरसादर."

तो वाकला आणि हनुवटीपासून झाडायला लागला.

हनुवटी गेली, ओठ गेले, मिशी गेली. तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. जयेशची आई आत आली, हात पाठीवर, नजर फरशीवर. आम्ही बाजूला झालो तशी ती पट्टीपाशी येऊन थांबली. तिच्यासमोर दोन डोळे होते, नाकाचा वरचा भाग आणि कपाळ. ती ते पाहत राहिली.

"याचा तोंड कोनी पुसला?" तिने विचारलं.

जयेशने झाडू पाठीमागे घेतला.

तो ताणलेला चेहरा तिने डोळ्यांवरून लगेच ओळखला, याचं मला नवल वाटलं. मॅडमना नवल वाटलं नाही, संशय आला. त्या तिच्या शेजारी गेल्या, टेबलाची कड धरली, आणि ज्या गुडघ्यांना आम्ही कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं ते वाकवत, मधे दोनदा थांबत, खाली फरशीवर बसल्या. तिथून पाहिलं. मग मागे न बघता आम्हाला म्हणाल्या, "बसा सगळे."

आम्ही बसलो. तेवढ्यातच ते लांब कपाळ आखडून जागेवर आलं. डोळे माणसाचे झाले. जयेशने आईच्या नजरेची उंची धरून सगळा चेहरा मुद्दाम उभा ताणला होता, म्हणजे तिला तो सरळ दिसावा. आम्ही सांगितलेल्या सगळ्या त्रुटी तिथे उभं राहून खऱ्या होत्या. तिच्या जागेवरून त्यातली एकही उरत नव्हती.

चहा झाला. म्हणजे कपात ओतला गेला. आई भिंतीला टेकून बसली होती, तिने बशीत घेऊन प्यायला. मॅडम अजून फरशीवरच होत्या, मी त्यांना गाठलं आणि मनातलं सगळं ओतलं. हेच सांगत होते मी, याला एक वाक्य बोलू दिलं असतं तर आज त्या बाईला नवरा अख्खा दिसला असता. नियम माणसाचं तोंड बंद करत असेल तर तो नियम मोडला पाहिजे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या पाहणीत ऐकायच्या तसं.

"तो बोलला असता तर आपण त्याचं ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "मान डोलावली असती. बघितलं तरीबी नसतंच. पट्टी कोनी चिकटवली? मी. सगळ्यांना एका जागी उभा मी केला. मी उभ्याने काढते, उभ्याने बघते, मला वाटला सगळी दुनिया तितक्याच उंचीची हाय."

मग त्यांना उठवायला दोघंजण लागले. उठल्यावर त्यांनी नखाने ती पट्टी सोलून काढली. निघेना, तर पाणी लावून काढली.

त्या आठवड्यात जयेशला मोबाईलवर मॅडमचा मजकूर आला. त्याने मला दाखवला. 'विषय: फेरपाहणीबाबत' असं वर लिहून त्यांनी कळवलं होतं की मागील पाहणी सदोष असल्याने रद्द करण्यात येत आहे, तरी आपण आपल्या सवडीने रांगोळी पुन्हा काढावी ही विनंती. जयेशला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'आपण' म्हटलं होतं. त्याला वाटलं, गटातून काढलं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी त्याने तोच चेहरा पुन्हा काढला. आई सुरुवातीपासून पाटावर बसून होती, तिला रंग पडताना बघायचे होते. नवा नियम मॅडमनी दोन वाक्यांत सांगितला. काढणारा अजूनही बोलणार नाही. पण बघणाऱ्याने आता चित्राभोवती फिरायचं, वाकायचं, बसायचं, आणि मगच बोट उचलायचं.

पाहणी सुरू झाली. आम्ही सगळे आईच्या आजूबाजूला खाली बसलो, मॅडमसुद्धा. दोघं त्यांना उठवायला लागणार हे ठरलेलंच होतं. जयेश झाडू घेऊन उभा राहिला. समोर एक तरुण माणूस आमच्याकडे बघत होता, सरळ नाकाचा, जाड मिशीचा. कुणालाच काही बोट ठेवण्यासारखं दिसेना. मॅडम आईकडे वळल्या.

"तू सांग आता. काय चुकला हाय?"

मला वाटलं, या बाईला कशाला विचारायचं. ती रडेल, छान म्हणेल, आणि तिला ते म्हणू द्यावं. आई रडली नाही. तिने पुढे सरकून बराच वेळ पाहिलं आणि एक वाकडं बोट नाकावर धरलं.

"नाक. लग्नानंतरशी होरीवरून परला, तवा मोरला. डाव्या अंगाला वाकरा होता."

जयेशकडे होता तो लग्नाआधीचा फोटो, घरातला एकमेव. वडील त्याला आठवत नव्हते. होडीवरून पडून मोडलेल्या नाकाबद्दल त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

त्याने झाडू भिंतीला टेकवला. आमच्या पद्धतीत हे बसत नव्हतं. पाहणीनंतर झाडायचं असतं, दुरुस्त करायचं नसतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी काही न बोलता चाळणी उचलली आणि गालाच्या रंगात थोडा काळपट रंग मिसळून चाळायला घेतला. जयेश पालथा झाला आणि चिमटीने नाकाची एक बाजू हलवू लागला. "आजून," आई म्हणायची. "आजून जरा. बास. नाय, परत आन थोरासा." तो आणायचा. बाप हळूहळू त्याच्या चिमटीतून त्याच्यासमोर येत होता.

टीकेवर मी आजवर पुष्कळ लिहिलं आहे आणि अजून लिहिणार आहे. कुणी मला म्हणालं की जरा गोड बोल, तर मी ऐकणार नाही. पण आता बोट उचलण्याआधी मी माझी उंची तपासते. मॅडमशी माझं अजून एक भांडण शिल्लक आहे, काढणाऱ्याला बोलू द्यावं हे मी सोडलेलं नाही, आणि मी पनवेलला राहायला गेल्यापासून ते आम्ही फोनवर करतो. त्या प्रत्येक वेळी जिंकतात आणि मी प्रत्येक वेळी फेरसादर करते.

त्या संध्याकाळी हॉल कुणाच्या तरी वाढदिवसाला दिलेला होता. नाक अजून अर्धं व्हायचं होतं आणि दारात फुगे, केकचा खोका आणि एक घाईतले गृहस्थ येऊन उभे राहिले. मॅडम फरशीवरून हलल्या नाहीत.

"मॅडम, आमची वेळ झालीय," ते म्हणाले. "पंखा तरी लावा."

"प्रकरण विचाराधीन आहे. पंखा लागणार नाही," मॅडम म्हणाल्या.

गृहस्थांनी मान लांबवून आत पाहिलं. "हे काय, चेहरा असा लांबडा का काढलाय?"

मॅडमनी शेजारची फरशी हाताने पुसली आणि त्यांच्यासाठी जागा केली.

"इथं बसा," त्या म्हणाल्या. "बसून सांगा."